पहिली आरसी कार घेताय? आधी जागा बघा, मग गाडी

आरसी कार, म्हणजे रिमोट कंट्रोलवर चालणारी गाडी, म्हटलं की सगळे पहिले स्पीड विचारतात, पण माझं म्हणणं आहे आधी ती चालवणार कुठे ते ठरवा. ठाणे-नवी मुंबईत आपल्याकडे असतं काय, सोसायटीचं पोडियम, बेसमेंट पार्किंग, पेव्हर ब्लॉक, नाहीतर जवळपास एखादं मातीचं मैदान, आणि गाडी त्याप्रमाणेच घ्यायची.

१. जागेप्रमाणे प्रकार. ऑनरोड टूरिंग कार दिसायला भारी पण जमिनीला अगदी टेकून चालते, पेव्हरच्या फटीत खालून घासत राहते, तिला गुळगुळीत डांबर किंवा काँक्रीटच पाहिजे. ड्रिफ्ट कारला, म्हणजे वळणावर मुद्दाम घसरवत चालवायच्या गाडीला, बेसमेंटची फरशी मस्त. खारघरसारख्या ठिकाणी मोकळं मैदान जवळ असेल तर मॉन्स्टर ट्रक किंवा शॉर्ट कोर्स ट्रक घ्या, मोठी चाकं, लांब सस्पेन्शन, खड्डे-दगड सगळं झेपतं. आणि जागाच कमी असेल तर क्रॉलर! हळू चालते, दगडांवरून चढवायची, चार फुटांत तासभर रमता येतं, शेजारी पण ओरडत नाहीत. येऊरच्या जंगलात मात्र नेऊ नका, तो नॅशनल पार्कचा भाग आहे.

२. साइज. १/१० म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढी, पार्ट्स सगळ्यात जास्त याच साइजचे मिळतात. पोडियमवर लहान मुलं खेळत असतील तर १/१६ किंवा १/१८ बरी.

३. स्पेअर पार्ट्स, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खेळण्यातली गाडी बिघडली की फेकायची, हॉबी ग्रेड गाडीचा प्रत्येक पार्ट सुटा मिळतो, म्हणून तर ती महाग. पण तो पार्ट इथे मिळायला हवा ना? पैसे भरायच्या आधी त्याच मॉडेलचे सस्पेन्शन आर्म (चाकाला धरणारी दांडी), स्पर गिअर (मोटरने फिरणारं मोठं गिअर), ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) आणि सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) भारतात स्टॉकमध्ये आहेत का ते शोधा, कारण कठड्याला एकदा धडकली की आर्मच आधी तुटतो. नाही सापडले तर ती गाडी सोडून द्या, कितीही आवडली तरी.

४. मोटर. पहिल्या गाडीला ब्रश्ड (आत कार्बनचे ब्रश असलेली) मोटर पुरे, स्वस्त आणि सांभाळायला सोपी. ब्रशलेस (तसे ब्रश नसलेली) जोरात पळते पण तेवढी मोकळी जागा लागते.

५. बॅटरी. घरातलं लहान मूल चालवणार असेल तर निकेल मेटल हायड्राइड घ्या. लिपो (लिथियम पॉलिमर) हलकी आणि दमदार, पण नीट सांभाळावी लागते: बॅलन्स चार्जरच (सगळे सेल सारखे भरणारा) वापरा, चार्जिंग लावून झोपू नका किंवा बाहेर जाऊ नका, सेल ४.२ व्होल्टच्या वर नेऊ नका, ३ च्या खाली उतरू देऊ नका, आणि पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे पडून राहणार असेल तर प्रत्येक सेल साधारण ३.८ वर ठेवा. फुगलेली बॅटरी परत चार्ज करायची नाही म्हणजे नाही. चांगला चार्जर आणि एक जादा बॅटरी, हे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

६. पाऊस. वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक्सपुरतं, बेअरिंग गंजतातच, तेव्हा चिखलातून आणली की त्याच दिवशी पुसून, वाळवून बेअरिंगला तेलाचा थेंब सोडा.