जुन्या चिठ्ठीतला तोळा दहा ग्रॅमचा नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कितीतरी घरांत आजीच्या डब्यात दागिन्यासोबत घडी घातलेली चिठ्ठी असते आणि तिच्यावर ‘पाटल्या, ३ तोळे ४ मासे २ गुंजा’ असे काही लिहिलेले असते. ही चिठ्ठी दशमान पद्धत येण्यापूर्वीची असेल, तर त्यातला तोळा आजच्या बोलीतला १० ग्रॅमचा नसून ११.६६४ ग्रॅमचा समजावा. इंग्रजी अमदानीत १८३३ साली तो १८० ग्रेनचा (ग्रेन हे इंग्रजी वजनाचे लहान माप) ठरला होता. त्या तोळ्याचे मासे १२ आणि एका माशाच्या गुंजा ८. म्हणजे मासा सुमारे ०.९७ ग्रॅम, तर गुंज, जिला आपल्याकडे कन्नडमध्ये गुलगंजी म्हणतात, सुमारे ०.१२ ग्रॅम. या हिशेबाने वरच्या पाटल्या ३९.१२ ग्रॅम भरतात. तोळा दहाचा धरला, तर त्याच ३३.५४ ग्रॅम होतात आणि साडेपाच ग्रॅम सोने कागदावरच नाहीसे होते, ही फार मोठी चूक आहे.

म्हणून भावंडांत वाटणी करताना किंवा दागिना मोडीत देताना सराफाकडे वजन ग्रॅममध्येच, आपल्यासमोर, काट्यावर करून घ्यावे. वापराने झिजलेल्या दागिन्याचे वजन चिठ्ठीपेक्षा कमी भरणे स्वाभाविक आहे. मात्र खडे, लाख किंवा काळे मणी असल्यास एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन पावतीवर वेगवेगळे लिहून मागावे. मूळ चिठ्ठी जपून ठेवावी आणि तिच्या पाठीमागे ग्रॅममधला आकडा तारखेसह लिहावा.