डोक्याला मार लागलाय? स्मरणशक्तीचाही अहवाल घ्या

रस्ता अपघातानंतर घरचे हाडांचे एक्स-रे जपून ठेवतात. पण विसरभोळेपणा, चिडचिड, साधा हिशेब न जमणं, याचा कागदच नसतो. नुकसानभरपाईच्या दाव्यात नेमकं हेच नडतं. न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी (स्मरणशक्ती, लक्ष, विचार करण्याची क्षमता तपासणारी) करून लेखी अहवाल घ्या. सीटी स्कॅन, डिस्चार्ज कार्ड सोबत असू द्या. सांभाळायला माणूस लागत असेल तर तोही खर्च मागा, मग घरचंच कुणी नोकरी सोडून बसलेलं का असेना. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेंदूला इजा झालेल्या एका मुलीसाठी दोन मदतनिसांचा खर्च गुणक पद्धतीने, म्हणजे वर्षाच्या खर्चाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणून, धरला होता. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्जासाठी कायद्यात मुदत ६ महिन्यांची आहे. अर्ज आपण राहतो त्या भागातही करता येतो. मेंदूचं दुखणं स्पष्ट होण्याआधी विमा कंपनीच्या तडजोडीवर सही करू नका.