मुलांना सुवार्ता सांगायला शिकवताय? या चुका टाळा

संडे स्कूलमध्ये आपला विश्वास इतरांना सांगण्याचा धडा बहुतेक वेळा मत्तय 28:19 पासून, म्हणजे "जाऊन सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा" या आज्ञेपासून सुरू होतो आणि तिथेच बिघडतो. ती आज्ञा येशूने आपल्याबरोबर राहिलेल्या, शिकलेल्या प्रौढ शिष्यांना दिली होती. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात ती जशीच्या तशी दिली, तर ते शेजारच्या मित्राकडे मित्र म्हणून बघेनासं होतं. मुलांसाठी 1 पेत्र 3:15 कितीतरी जास्त उपयोगाचं आहे. कोणी आपल्या आशेविषयी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा आणि ते सौम्यपणे द्या, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे आधी समोरच्याचा प्रश्न येतो, मग आपलं उत्तर. खाली दिलेल्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

"किती मित्रांना आणलंस?" असं विचारणं

भिंतीवर तक्ता लावायचा, नवीन मूल आणलं की चांदणी, पाच चांदण्या झाल्या की कंपासपेटी. हेतू चांगला असतो, पण मूल यातून शिकतं ते वेगळंच. मित्राला काहीही सांगून आणायचं, "खेळ आहेत, खाऊ आहे" म्हणायचं आणि प्रार्थना असते हे मात्र सांगायचं नाही. मित्र दुसऱ्या रविवारी आला नाही की त्याचा राग येतो. ज्या मुलाच्या वस्तीत सगळे शेजारी ख्रिस्तीच आहेत किंवा जे मूल मुळात लाजाळू आहे, ते विनाकारण मागे पडतं. तक्ता काढून टाका. बक्षीस द्यायचंच असेल तर वचन पाठ केल्याबद्दल द्या. दर रविवारी विचारायचा प्रश्नही बदला: या आठवड्यात कोणाचं बोलणं नीट ऐकून घेतलंस? कोणासाठी प्रार्थना केलीस?

चर्चची भाषा तशीच बाहेर नेणं

तारण, पापक्षालन, कोकरा, अभिषेक, रक्ताने धुतलं जाणं. मंडळीत वाढलेल्या मुलाच्या कानावर हे शब्द रोज पडतात, अर्थ कळो न कळो. वर्गातल्या दुसऱ्या मुलाला मात्र "मी येशूच्या रक्ताने धुतलो गेलोय" हे वाक्य भीतीदायक वाटतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते साध्या बायाबापड्यांना समजावं म्हणून. 1922 साली निधन होईपर्यंत त्या या कामात होत्या. ती काळजी आपण मुलांच्या एका वाक्यासाठी तरी घ्यायला हवी.

त्यासाठी चाळीस मिनिटांचा एक तास पुरतो. वयोगट आठ ते बारा.

पहिली दहा मिनिटं 2 राजे 5 मधली गोष्ट सांगा. अरामी सेनापती नामान याच्या घरातली लहान मुलगी इस्राएलातून पकडून आणलेली दासी होती, शत्रूच्या घरात कामाला होती. शास्त्रात तिचं एकच बोलणं नोंदवलेलं आहे: माझा धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेला असता तर बरं झालं असतं, त्याने त्याचा कोड बरा केला असता. त्यात धमकी नाही, टीका नाही, घरच्या देवांविषयी एक शब्द नाही. मालकाचं भलं व्हावं एवढीच इच्छा आहे. मुलांना विचारा, ती आणखी काय काय बोलू शकली असती आणि बोलली नाही? इथे घाई करू नका, चर्चा सगळ्यात रंगते ती याच प्रश्नावर.

पुढची पंधरा मिनिटं प्रत्येकाने वहीत तीन वाक्यं लिहायची. मला कशाची अडचण होती किंवा भीती वाटत होती. तेव्हा मी येशूशी काय बोललो. त्यानंतर काय झालं. उदाहरणार्थ: "आजी दवाखान्यात होती तेव्हा मला रात्री झोप यायची नाही. मी येशूला सांगायचो की मला भीती वाटते. मग मला एकटं वाटायचं नाही." आजी बरी झाली की नाही हे यात नाही, आणि तरीही साक्ष, म्हणजे देवाविषयीचा स्वतःचा अनुभव सांगणं, पूर्ण आहे.

मग दहा मिनिटं जोड्या करा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने न समजलेल्या शब्दावर हात वर करायचा. तो शब्द बदलायचा. शेवटची पाच मिनिटं प्रार्थना.

या तासात एक गोष्ट हमखास बिघडते. मुलं फुगवून लिहितात. "प्रार्थना केली आणि पैकीच्या पैकी मार्क पडले." शिक्षक कौतुकाने हसले की पुढच्या वेळी सगळ्यांनाच चमत्कार होतात. असं वाक्य दिसलं की मुलाला बाजूला घेऊन शांतपणे विचारा, अगदी असंच झालं होतं का? निर्गम 20:16 मधली खोटी साक्ष न देण्याची आज्ञा देवाविषयीच्या साक्षीलाही लागू आहे. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, त्याला "माझ्याकडे अजून काही नाही" असं लिहू द्या. त्याला सगळ्यांसमोर उभं करू नका.

नरकाची भीती घालणं

पाच-सात वर्षांची मुलं ऐकलेलं चित्र शब्दशः घेतात. आगीचं वर्णन ऐकून आलेलं मूल सोमवारी शाळेत बाकावरच्या मैत्रिणीला "तू जळणार आहेस" असं सांगतं, आणि रात्री स्वतःही दचकून उठतं. देवाच्या न्यायाचा विषय टाळायचा नाही, पण तो मोठ्या वर्गात, प्रश्नोत्तरांसह घ्या. लहानांसाठी लूक 15 मधलं हरवलेलं मेंढरू पुरेसं आहे.

पानांच्या रंगांवरून सुवार्ता सांगणाऱ्या, शब्द नसलेल्या पुस्तकाबद्दल इथेच सांगायला हवं, कारण ते अनेक वर्गांत वापरलं जातं. 1866 मध्ये इंग्लंडचे प्रवचनकार स्पर्जन यांनी काळा, लाल आणि पांढरा अशा तीनच पानांवर प्रवचन केलं, सोनेरी आणि हिरवं पान नंतर आलं. काळं म्हणजे पाप ही जोडणी आपल्याकडे फार बोचते. सावळ्या मुलींना आधीच टोमणे खावे लागतात, आणि वर्गातली मुलं तो अर्थ रंगरूपाला लावायला वेळ लावत नाहीत. पहिल्या पानाऐवजी विझलेल्या दिव्याचं चित्र वापरा आणि "अंधार" म्हणा. "मी जगाचा प्रकाश आहे" या योहान 8:12 मधल्या येशूच्या वचनाशी ते नीट जुळतंही.

दुसऱ्यांच्या देवांवर बोलणं

"तुमचा देव दगडाचा" हे वाक्य मूल स्वतःहून बोलत नाही, ते मोठ्यांकडून ऐकतं. म्हणून ही चूक वर्गात नाही, जेवणाच्या ताटावर दुरुस्त करायची आहे. प्रेषितांची कृत्ये 19:37 मुलांना जरूर वाचून दाखवा. इफिसमध्ये दंगा उसळला, तेव्हा तिथल्या नगरलेखकानेच जमावाला सांगितलं की ही माणसं देवळं लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत. पौलाबरोबरच्या माणसांना परक्याने दिलेलं हे प्रशस्तिपत्र आहे.

गणपतीत प्रसाद पुढे आला की मुलाची खरी पंचाईत होते. घ्यायचा की नाही यावर ख्रिस्ती घरांमध्ये एकमत नाही. मूर्तींना वाहिलेल्या अन्नाविषयीचे 1 करिंथ 8 आणि 10 हे अध्याय वाचून आपल्या घरी काय ठरतं ते भाद्रपद उजाडण्याआधी ठरवा. घ्यायचा नसेल तर तोंड वाकडं न करता "नको काकू, थँक्यू" एवढं दोनदा-चारदा घरी म्हणून घ्या. कारण विचारलं तरच सांगायचं. आरास बघायला जायचं की नाही, हेही त्याच वेळी बोलून घ्या. आणि नाताळात त्याच घरी करंज्यांचं ताट मुलाच्या हातून पाठवा, कोणतंही पत्रक न जोडता.

आईवडिलांना न विचारता दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणं

ही सगळ्यात गंभीर चूक आहे. मे महिन्यातल्या व्ही.बी.एस.ला (सुट्टीतल्या बायबल शिबिराला) शेजारची मुलं येतात, शेवटच्या दिवशी "येशूला हृदयात कोण घेणार?" म्हणून हात वर करायला लावतात, आणि घरी कोणालाच काही माहीत नसतं. आपल्या मुलाला कोणी असं नेलं तर आपल्याला चालेल का? लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसंच आपण त्यांच्याशी वागा, हे मत्तय 7:12 इथे सरळ लागू होतं.

कायदाही समजून घ्या. संविधानाचं कलम 25 धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं, पण 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. कलम 28(3) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. शेजारच्या गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या कायद्यांत भेटवस्तूही आमिषात मोडते, आणि प्रकरण अल्पवयीन मुलाचं असेल तर शिक्षा वाढते.

म्हणून मराठीत एक पानी संमतीपत्र छापा. तारखा, वेळ, जागा, बायबलच्या गोष्टी आणि प्रार्थना होणार हे स्पष्ट वाक्य, जबाबदार व्यक्तीचा फोन आणि पालकाची सही. सही नसेल तर मुलाला प्रेमाने परत पाठवा. खाऊ सगळ्यांना सारखाच द्या. निर्णयाचे हात वर करायला लावू नका. मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

अडचण आलीच तर

मूल म्हणालं, "देव एक आहे तर तीन कसे, असं मित्राने विचारलं आणि मला सांगता आलं नाही." त्याला "मला माहीत नाही, विचारून सांगतो" हे उत्तर देण्याची सवय लावा, आणि त्या आठवड्यात खरोखर पाळकांकडे घेऊन जा.

वर्गात चिडवलं तर लगेच "छळ सोसावा लागतो" असं सांगू नका. आधी नेमकं काय झालं ते विचारा. पुष्कळदा आपल्याच मुलाने आधी काहीतरी लागट बोललेलं असतं. तसं असेल तर माफी मागायला पाठवा. नसेल आणि चिडवणं थांबत नसेल, तर वर्गशिक्षकांना भेटा.

मित्र म्हणाला, "मलाही येशूला मानायचंय." तर आपल्या मुलाने एवढंच म्हणायचं: "तुझ्या आईबाबांना सांग, मीही माझ्या आईला सांगतो." पुढचं बोलणं मोठ्यांनी मोठ्यांशी करायचं.

मित्राची आई तक्रार घेऊन आली तर दारात वचनं सांगू नका. तिला आत बोलवा, तिचं पूर्ण ऐका, आपलं मूल चुकलं असेल तर तिच्यासमोर तसं म्हणा. मुलं पुन्हा एकत्र खेळतील का, हे तिला विचारा आणि ती म्हणेल ते मान्य करा.