जुने पुस्तक वाचण्याआधी ते पाहावे कसे

जुने पुस्तक हाती आले की आपण थेट पहिल्या प्रकरणाकडे वळतो आणि ज्या वस्तूतून तो मजकूर आपल्यापर्यंत पोचला तिच्याकडे बहुधा पाहतच नाही. अर्धा तास देऊन कागद, शिलाई आणि छपाई आधी तपासली, तर पुस्तक कोणत्या काळात व कोणत्या वाचकासाठी घडवले गेले याचा पुष्कळसा अंदाज येतो आणि पुढचे वाचन त्यामुळे अधिक रंगते. त्यासाठी एक भिंग, खिडकीचा उजेड आणि स्वच्छ, कोरडे हात पुरेत. कापडी हातमोजे घालू नयेत. त्यांमुळे बोटांना स्पर्श नीट कळत नाही आणि जीर्ण पान फाटण्याची भीती उलट वाढते.

प्रथम पुस्तक मिटलेलेच ठेवून वरच्या कडेने कण्याजवळ पाहावे. पुस्तक शिवलेले असेल तर तेथे दुमडलेल्या कागदांचे लहान गठ्ठे शेजारी शेजारी दिसतात, हेच फर्मे. छापलेला मोठा ताव एकदा दुमडला की 2 पाने होतात, दोनदा दुमडला की 4 आणि तीनदा दुमडला की 8 पाने, म्हणजे 16 पृष्ठे. (पान आणि पृष्ठ यांतला भेद आपण बोलताना पाळत नाही, येथे मात्र तो पाळावाच लागतो.) घड्यांची ही संख्या केवळ कारागिरीची बाब नव्हे. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुशियस याने 1501 पासून अभिजात कवींचे ग्रंथ तीन घड्यांच्या आटोपशीर आकारात काढायला सुरुवात केली आणि एरवी मेजावर पसरून वाचायचा मजकूर हातात धरून वाचता येऊ लागला. म्हणून पुस्तकाचा आकार ही ते कोठे आणि कसे वाचले जावे या अपेक्षेची पहिली खूण समजावी.

त्यानंतर एखादे कोरे पान उजेडासमोर धरावे. हातकागद तारांच्या चौकटीवर गाळला जात असे, त्यामुळे त्यात बारीक समांतर रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या विरळ रेघा दिसतात. कधी कागदवाल्याचे जलचिन्हही सापडते. मात्र एवढ्यावर भिस्त ठेवू नये, कारण यंत्रावर बनलेल्या कागदावरही अशा रेघा पुढे हौसेने उमटवल्या गेल्या. कागदाचा रंग अनेकदा अधिक बोलका असतो. चिंध्यांपासून केलेला जुना कागद तीन-चार शतकांनंतरही लवचिक राहिलेला आढळतो, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्यापासून केलेला स्वस्त कागद त्यातील आम्लामुळे पिवळा पडतो आणि कोपऱ्यांशी तुकडे होऊन गळतो. वयाने धाकटे पुस्तक अधिक म्हातारे दिसते ते यामुळे. असे पुस्तक सपाट उघडण्याचा आग्रह धरू नये. दोन्ही पुठ्ठ्यांखाली आधार देऊन ते काटकोनाहून थोडेसेच अधिक उघडावे, आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर कधीच लावू नये.

आता छापलेल्या पानाच्या मागच्या बाजूवरून बोटे हलकेच फिरवावीत. खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, जुळवून छापलेले पान अनेकदा किंचित खडबडीत लागते, कारण प्रत्येक खिळा कागदात दाबला गेलेला असतो. ऑफसेटचे, म्हणजे रबरी पृष्ठावरून शाई कागदावर उतरवून छापलेले, पान गुळगुळीत लागते. शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेल्या, पुस्तकात तर अक्षर मुळात हाताने लिहिलेले असते, त्यामुळे एकच अक्षर भिंगाखाली दोन ठिकाणी तंतोतंत सारखे दिसत नाही. माझ्या मते या सगळ्या तपासणीतला सर्वांत सुखाचा भाग हाच, कारण येथे खिळे जुळवणारा जुळारी किंवा लेखनिक कोठे थकला हेसुद्धा कधीकधी दिसते.

शीर्षकपृष्ठ सावकाश वाचावे. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण या निराळ्या गोष्टी आहेत. आवृत्ती बदलली तर मजकूर बदललेला असण्याचा संभव असतो. साल छापलेले नसले आणि 10 अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) दिसला, तर पुस्तक बहुधा 1970 ते 2006 या काळातले असते, कारण 2007 पासून 13 अंकी क्रमांक रूढ झाला.

एवढे झाल्यावर वाचायला बसावे, पण पहिला परिच्छेद मोठ्याने वाचावा. जुन्या पोथ्यांत शब्द सलग लिहिलेले असत आणि शब्द कोठे तुटतो हे वाचकाच्या जिभेला व कानाला ठरवावे लागे. मिलानचा बिशप अँब्रोज ओठ न हलवता वाचतो, ही गोष्ट चौथ्या शतकात ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनला मुद्दाम लिहून ठेवावीशी वाटली. जुन्या गद्यातली लांबलचक वाक्ये डोळ्यांना कंटाळवाणी वाटली तरी श्वासाच्या थांब्यांनिशी उच्चारली की सहज उलगडतात. लय सापडली की मग मनात वाचावे.

क्वचित काही पानांच्या कडा जोडलेल्याच राहिलेल्या आढळतात. म्हणजे तेथपर्यंत आधीचा कोणीही वाचक पोचलेला नाही. प्रत दुर्मीळ असेल तर जाणकाराला विचारल्याशिवाय त्या कापू नयेत. साधी प्रत असेल तर बोट घालून फाडू नये. पातळ, फारशी धार नसलेली सुरी घडीत आडवी सरकवून बाहेरच्या दिशेने हळूहळू कापत जावे, आणि वरची घडी थेट कण्यापर्यंत कापावी, नाहीतर पान उलटताना उरलेला भाग वेडावाकडा फाटतो.