आर्ट थेरपिस्ट व्हायचंय? प्रशिक्षणातल्या या चुका टाळा

अर्जांचे दिवस आले की पुण्या-मुंबईहून मला फोन येतात. प्रश्न बहुतेक तोच असतो: "ताई, चित्रं चांगली काढते, मानसशास्त्रही आवडतं, मग आर्ट थेरपी करू ना?" जरूर करा. आर्ट थेरपी म्हणजे रंग, कागद, माती अशा साहित्याच्या मदतीने केलेला मानसोपचार. मी इंग्लंडमध्ये हे शिक्षण घेतलं, तिथेच काम करते आणि प्लेसमेंटवर, म्हणजे रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम करत शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांचं सुपरव्हिजनही करते, म्हणजे त्यांच्या सत्रांवर त्यांच्याशी नियमित बोलते. म्हणून पुढचं बहुतेक सगळं ब्रिटनमधल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाबद्दल आहे. हा अभ्यासक्रम पूर्ण वेळ केला तर साधारण दोन वर्षांचा असतो. यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्या आहेत, उरलेल्या दर वर्षी समोर बघते.

अर्ज करण्याआधी

पहिली चूक सगळ्यात महाग पडते. अभ्यासक्रमाच्या नावात 'कला' आणि 'आरोग्य' दिसलं की लोक अर्ज करून मोकळे होतात. ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' आणि 'आर्ट सायकोथेरपिस्ट' ही दोन्ही पदनामं कायद्याने राखीव आहेत. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसीच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय ती लावता येत नाहीत आणि त्या नोंदणीसाठी कौन्सिलने मान्य केलेलाच अभ्यासक्रम लागतो. मान्य अभ्यासक्रमांची यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर असते. कला आणि आरोग्य या विषयातली एखादी एम.ए. उत्तम असू शकते, पण त्या यादीत नसेल तर दोन वर्षांनी हातात पदवी येईल आणि थेरपिस्ट म्हणून नोकरी मिळणार नाही.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी एक खास गोष्ट. जी.डी. आर्ट ही पदविका आहे. पाच वर्षं राबून मिळवलेली असली तरी बाहेरचं विद्यापीठ कागदावर 'डिप्लोमा' हाच शब्द वाचतं. आधी प्रवेश विभागाला पत्र लिहून ती पदवीसमान धरतात का, हे लेखी विचारा, फी त्यानंतर भरा. बी.एफ.ए. असेल तर हा प्रश्न येत नाही. मानसशास्त्राच्या पदवीधरांनाही बऱ्याच ठिकाणी प्रवेश मिळतो, पण तुम्ही सातत्याने चित्रं काढता हे दाखवावं लागतं.

पोर्टफोलिओत फक्त फ्रेम करण्याजोगी कामं ठेवू नका. मुलाखतीत वही उघडायला सांगतात. खोडलेलं, अर्धवट सोडलेलं, तीन वर्षं पुन्हा पुन्हा काढलेलं काय आहे ते बघतात आणि विचारतात, "हे काढताना तुमचं काय चाललं होतं?" तिथे रंगसंगतीबद्दल बोलू लागलात तर उत्तर चुकलं. माणसांसोबत केलेल्या कामाचा अनुभवही मागतात, साधारण वर्षभराचा. वृद्धाश्रम, विशेष मुलांची शाळा, व्यसनमुक्ती केंद्र, काहीही चालेल, पण रोजचं आणि टिकून केलेलं हवं. चार कार्यशाळांची प्रमाणपत्रं त्याची जागा घेत नाहीत.

आणि पैशांचा हिशेब करताना स्वतःची थेरपी धरा. शिकत असताना प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः थेरपी घ्यावी लागते, साधारणपणे दर आठवड्याला, आणि तो खर्च सहसा फीमध्ये धरलेला नसतो. दोन वर्षांचे आठवडे मोजून गुणाकार करा.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे पदवीनंतर 'एटीआर' ही आर्ट थेरपिस्टची व्यावसायिक नोंदणी मिळवायला, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केला असला तरी, रुग्णांसोबत प्रत्यक्ष कामाचे 1000 तास आणि 100 तासांचं सुपरव्हिजन लागतं. परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये 'क्रिएटिव्ह आर्ट्स थेरपिस्ट' असा स्वतंत्र परवाना आहे आणि त्यासाठी 1500 तास लागतात. विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर कामाला 12 महिने मिळतात. आठवड्याला 20 तास रुग्ण भेटले तर 1000 तासांना 50 आठवडे जातात. म्हणजे नोकरी शोधण्यात तीन महिने गेले की गणित कोलमडलं. राज्य निवडतानाच हे बघा.

अर्थ लावायची घाई

माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी या खड्ड्यात पडतो, कारण बाहेरच्या जगाला आर्ट थेरपी म्हणजे 'चित्रावरून मन ओळखणं' असंच वाटतं. काळा रंग म्हणजे नैराश्य. झाडाच्या खोडात ढोली म्हणजे जुना आघात. हात नसलेला माणूस म्हणजे असहायता. या समजुतींना मागे इतिहास आहे. 1926 साली मुलांच्या माणूस-चित्रांवरून बुद्धी मोजायची चाचणी आली, 1948 मध्ये घर-झाड-माणूस ही चाचणी आली. त्यातले तुकडे आता व्हॉट्सॲपवर फिरतात.

एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं सगळं बदलून. शाळेतल्या प्लेसमेंटवर एका मुलाने अख्खा कागद काळा केला. विद्यार्थिनीने टिपणात लिहिलं, 'तीव्र उदासी, माघार.' सुपरव्हिजनमध्ये मी तिला विचारलं, काळ्याच्या आधी कागदावर काय होतं? तिला आठवेना. काळा रंग ब्रशने लावला की बोटांनी? हळूहळू की एका दमात? लावून झाल्यावर तो कुठे बघत होता, तुझ्याकडे की खिडकीकडे? यातलं काहीच तिने पाहिलं नव्हतं, कारण काळा दिसताक्षणी तिला उत्तर सापडलं होतं. पुढच्या आठवड्यात कागद पुन्हा टेबलावर ठेवला तेव्हा मुलाने आपण होऊन सांगितलं: खाली घर आहे, रात्र झाली म्हणून दिसत नाही, आतली माणसं झोपलीत, त्यांना उठवायचं नाही. आता यात उदासी आहे की काळजी की पहारा, हे पुढच्या कित्येक आठवड्यांचं काम होतं. 'नैराश्य' लिहून ते पहिल्याच दिवशी संपलं असतं.

त्यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. सत्र संपल्यावर टिपणाचा पहिला परिच्छेद फक्त क्रियापदांनी लिहा: उचललं, फाडलं, पुसलं, थांबला, पुन्हा भिजवलं. विशेषणं दुसऱ्या परिच्छेदात. 'मला काय वाटलं' हे तिसऱ्यात, आणि तिथे 'मला' हा शब्द गाळायचा नाही. पहिल्या सत्रात हे जमत नाही, पाच-सहा आठवड्यांत डोळा तयार होतो.

ब्रिटनमधल्या आर्ट थेरपीच्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक, चित्रकार एडवर्ड ॲडमसन यांच्या कामाबद्दल या टप्प्यावर जरूर वाचा. 1946 पासून इंग्लंडमधल्या नेदर्न इथल्या मनोरुग्णालयात ते रुग्णांसाठी स्टुडिओ चालवायचे. ते अर्थ सांगत नसत, चित्रकला शिकवतही नसत. जागा, कागद, रंग द्यायचे आणि हजर राहायचे. आजचं प्रशिक्षण त्यांच्या पुष्कळ पुढे गेलं आहे, पण नुसतं हजर राहणं हे किती कष्टाचं काम आहे हे त्यांच्याकडून कळतं.

"छान!"

आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देत वाढलो. चित्राखाली श्रेणी असते हे आपल्या हाडात मुरलंय. त्यामुळे रुग्णाने कागद पुढे केला की तोंडून 'वा, छान!' निघतंच. त्यात माया असते, तरीही ते टाळा. एकदा 'छान' म्हटलं की समोरचा माणूस पुढच्या वेळी तुमच्यासाठी चित्र काढतो, आणि ज्या दिवशी त्याला घाणेरडं, रागीट, वेडंवाकडं काही काढायचं असेल त्या दिवशी तो कागद कोराच ठेवतो. त्याऐवजी जे दिसतंय ते बोला: "हा कोपरा तुम्ही तीनदा रंगवलात." एवढं पुरे.

याचीच दुसरी बाजू म्हणजे "काय काढू?" या प्रश्नाला लगेच विषय देणं. गोंधळ सहन होत नाही तो आपल्याला. दोन मिनिटं थांबा, मग साहित्याकडे बोट दाखवा.

माती सगळ्यांची सारखी नसते

हा माझा आवडता विषय, म्हणून जरा रेंगाळते. 1978 मध्ये केगिन आणि लुसेब्रिंक यांनी मांडलेला 'एक्सप्रेसिव्ह थेरपीज कंटिन्युअम' हा आराखडा अनेक अभ्यासक्रमांत शिकवतात. त्यातली कामाला येणारी गोष्ट ही, की साहित्य स्वतःच माणसावर परिणाम करतं. पेन्सिल, स्केचपेन, कोलाज यांवर हाताचा ताबा राहतो. जलरंग, बोटांनी लावायचा रंग, ओली माती हे पसरतं, ओघळतं आणि भावनाही सोबत वाहू देतं. नवखे विद्यार्थी उत्साहाने पहिल्याच दिवशी ओली माती काढतात. नुकताच वॉर्डमधून आलेला, स्वतःला कसंबसं सावरून बसलेला माणूस त्यात विरघळतो आणि सत्राची 50 मिनिटं संपली की त्याला तसंच घरी जावं लागतं. असं झालंच तर घाबरू नका. कडक काठाचा ट्रे द्या, पाणी बाजूला घ्या, हात धुवायला पुरेसा वेळ द्या. हात धुणं हा सत्राचाच भाग आहे. शेवटी जाड कागद आणि पेन्सिल पुढे ठेवा.

दुसरी चूक आपली खास आहे. माझ्या हाताला माती म्हणजे शाडू: गणपतीचे दिवस, आजोबांचं अंगण, पवित्र काहीतरी. माझ्या पहिल्या प्लेसमेंटवर एका बाईंनी मातीला हात लावायला नकार दिला तेव्हा मी मनातून दुखावले. सुपरव्हिजनमध्ये बऱ्याच उशिरा उमगलं की त्यांच्यासाठी माती ही घाण होती, लहानपणी मार खायचं कारण होती. दुखावले होते ती मी, माझ्या शाडूसाठी. पांढऱ्याचंही तेच. इंग्लंडमधल्या रुग्णाचा पांढरा लग्नाचा असू शकतो, आपल्या मनात तो सुतकाचा असतो. तुमच्या स्वतःच्या रंगांची आणि साहित्याची यादी करा आणि प्रत्येकापुढे पहिली आठवण लिहा. ती यादी सुपरव्हायझरला दाखवा.

शिक्षक बोलत नाहीत तेव्हा

प्रशिक्षणात अनुभवगट असतो. विद्यार्थी गोल बसतात, चित्रं काढतात, आणि गट चालवणारे शिक्षक बऱ्याचदा गप्प असतात. आपल्याकडून गेलेली मुलं दोन टोकांना जातात. एक तर हुशार विद्यार्थ्यासारखी शांतता भरून काढत बोलत सुटतात, नाहीतर 'सर सांगतील' म्हणून वर्षभर वाट बघतात. हा वर्ग नाही. शांततेत तुम्हाला काय होतं तेच इथे शिकायचं आहे, कारण उद्या तुमच्यासमोर कुणीतरी तसंच गप्प बसणार आहे. पहिलं वाक्य "मला इथे काय करायचं ते कळत नाही" असं असलं तरी चालतं.

स्वतःच्या थेरपीत भाषेची अडचण येते. हुरहूर, रुसणं, कोंडमारा, यांना इंग्रजी शब्द शोधण्यात भावना निसटते. आधी मराठीत म्हणा, मग समजावून सांगा. चांगल्या थेरपिस्टला त्याची अडचण वाटत नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि माझे पहिले सहा महिने व्याकरणशुद्ध इंग्रजीत वाया गेले.

स्वतःची चित्रं बंद पडणं हेही याच काळातलं. निबंध, प्लेसमेंट, नोकरी, आणि वही कोरी. सत्रानंतर दहा मिनिटं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काढा. सुपरव्हिजनला तोच कागद घेऊन जा, टिपणापेक्षा त्यावर जास्त बोलणं होतं.

फोन बॅगेत

रुग्णाच्या चित्राचा फोटो स्वतःच्या फोनवर काढू नका. नाव झाकून, अभ्यासासाठी, मैत्रिणीला दाखवायला, कशासाठीही नाही. चित्र फोल्डरमध्ये, फोल्डर कुलपात. प्रबंधासाठी हवं असेल तर लेखी संमती आणि संस्थेची परवानगी आधी घ्या. चूक होऊन गेलीच असेल तर त्याच दिवशी सुपरव्हायझरला सांगा. गुपचूप फोटो पुसून टाकला की चुकीचं रूपांतर लपवाछपवीत होतं.

भारतात परतणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: बाहेरच्या आर्ट थेरपीच्या पदवीने इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पाटीवर नेमकं शिक्षण लिहा आणि ओळखीचा एक मनोविकारतज्ज्ञ आधीपासून गाठून ठेवा.

निरोप

प्लेसमेंट शैक्षणिक वर्षाबरोबर संपतं, रुग्णाची गरज संपत नाही. तरी विद्यार्थी शेवटच्या आठवड्यापर्यंत विषय काढत नाहीत, कारण त्यांनाच ते जड जातं. संपण्याची तारीख पहिल्याच भेटीत सांगा. बारा आठवडे उरले की कागदावर बारा चौकोन काढून फोल्डरच्या आत चिकटवा आणि दर वेळी एक भरू द्या. कुणी भरायला नकार दिला तर तेही ठीक, त्यावर बोलता येतं. शेवटच्या दोन भेटी सगळी चित्रं एकत्र मांडून बघण्यासाठी राखा. काय घरी न्यायचं, काय मागे ठेवायचं, काय फाडायचं हे त्या माणसाला ठरवू द्या. मागे राहिलेली चित्रं संस्थेत किती काळ ठेवतात आणि नंतर त्यांचं काय करतात, हे त्याच्यासमोर बसण्याआधी विचारून घ्या, कारण तो नक्की विचारतो.