अमेरिकेतल्या कॉलेजात पोहायचंय? आधी विषय ठरवा

अमेरिकेत शिकायला जाताना पोहणंही चालू ठेवायचं असेल, तर नामवंत जलतरणपटूंच्या पदकांआधी त्यांचा अभ्यास बघा. जेनी थॉम्पसन स्टॅनफर्डकडून पोहली, ऑलिंपिकची १२ पदकं मिळवली आणि पुढे भूलतज्ज्ञ झाली. पाब्लो मोरालेसही स्टॅनफर्डचाच. १९८८ च्या ऑलिंपिक संघात त्याची निवड झाली नाही, तेव्हा त्याने कॉर्नेलला कायद्याचा अभ्यास सुरू केला. त्यातून रजा घेऊन तो पुन्हा पाण्यात उतरला आणि १९९२ ला बार्सिलोनात १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण जिंकला, अवघ्या ०.०३ सेकंदाने! नंतर वकिलीची पदवीही पूर्ण केली. मला तो सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण पोहणं थांबलं तेव्हा त्याच्या हातात दुसरं काहीतरी होतं.

म्हणून कॉलेज निवडताना एकच कसोटी लावा: उद्या खांदा दुखावला आणि पोहणं सुटलं, तरी इथे शिकायला आवडेल का?

आता रोजचं. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या नियमाने, तिच्या वरच्या दोन डिव्हिजनमध्ये (स्तरांत) हंगामात आठवड्याला २० तासांपर्यंतच सराव घेता येतो, पण प्रवास त्यात धरत नाहीत. पहाटेचा सराव संपवून ओल्या केसांनी पहिल्या तासाला बसलं की डोळे मिटायला लागतात. याची सवय होते. खरी अडचण प्रॅक्टिकलची. विज्ञान शाखेची प्रॅक्टिकल्स बहुधा दुपारी असतात आणि नेमका तेव्हाच संघाचा सराव. आमच्या संघातल्या काहींनी याच कारणाने विषय बदलले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा प्रशिक्षकांशी पहिल्यांदा बोलतानाच विचारा, तुमच्या संघात या विषयाचं कोण आहे, आणि त्या मुलांशी स्वतः बोला.

तिथले तलाव बहुतेक २५ यार्डांचे. ५० मीटरच्या तलावाची सवय असेल तर भिंत फार लवकर येते, त्यामुळे टर्न आणि पाण्याखालची किक आधीपासून घोटून घ्या. मीटरमधली वेळ यार्डात बदलूनच प्रशिक्षकांना कळवा.

वेळ फार चांगली नसेल तर एनसीएएच्या तिसऱ्या स्तरातली, म्हणजे डिव्हिजन ३ ची कॉलेजं बघा. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण गुणांवर मदत मिळू शकते. आणि पोहण्याचं चीज पदकातच होतं असं नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी हार्वर्डच्या संघात बॅकस्ट्रोक पोहायचे, ऑलिंपिकपर्यंत गेले नाहीत. पण १९४३ मध्ये त्यांची युद्धनौका बुडाली, तेव्हा भाजलेल्या सहकाऱ्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातात धरून त्यांनी त्याला पोहत बेटापर्यंत नेलं.