एलपी की सीडी: घरच्या घरी खरी तुलना कशी करायची

एकाच गाण्याची एलपी आणि सीडी हाताशी असली की लोक आधी एक लावतात, मग दुसरी, आणि दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळे होतात. अशा निकालाला फारसा अर्थ नसतो. व्हॉल्यूमचा नॉब तसाच ठेवून सिलेक्टर फिरवला की सीडी बहुतेक वेळा मोठ्यानं वाजते, आणि जे थोडं मोठ्यानं वाजतं ते कानाला जास्त स्वच्छ, जास्त भरीव वाटतं. मग नॉब अंदाजानं खाली आणताना तो जरा जास्तच खाली येतो आणि एलपी जिंकते.

दुसरी अडचण याहून मोठी. एलपी आणि सीडी एकाच मूळ टेपवरून निघाल्या असल्या तरी दोन्हींसाठी आवाज वेगवेगळा घडवलेला असतो. एलपीची मूळ लॅकर चकती (जिच्यावरून पुढे साचे बनतात) कापताना खोल बास मधोमध, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना सारखा, आणला जातो, 'स' आणि 'श' जरा दाबले जातात, नाहीतर सुई उडते किंवा चरचरते. सीडीला ही बंधनं नाहीत. पण १९९० नंतरच्या कितीतरी सीडींमध्ये सगळं गाणंच कमाल पातळीपर्यंत चढवलेलं असतं, तबल्याची थाप आणि गळा एकाच उंचीवर आणलेले असतात. म्हणजे आपण माध्यमांची तुलना करतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तुलना होते दोन वेगळ्या इंजिनिअरांच्या कामाची.

यावर उपाय आहे: दोन नाही, तीन गोष्टी ऐकायच्या. एलपी, तिची सीडी, आणि त्या एलपीवरूनच आपण स्वतः तयार केलेली सीडी. ही तिसरी चकती खरं काय ते सांगते.

आधी प्लेअर नीट लावून घ्या. टर्नटेबल लेव्हलमध्ये आहे का ते गवंड्याच्या स्पिरिट लेव्हलनं बघा. सुईचं वजन डिजिटल काट्यावर मोजा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन सहज मिळतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला (सुई बसवलेला छोटा डबा) २ ग्रॅम लागतात, ऑर्टोफॉन २एम रेडला १.८. 'रेकॉर्ड झिजू नये' म्हणून वजन कमी ठेवायची सवय अनेकांना असते, ती उलटी पडते. हलकी सुई मोठ्या आवाजाच्या जागी खाचेच्या भिंतींवर आपटत जाते, त्यानं आवाज फाटतो आणि रेकॉर्डही कायमची खराब होते. कंपनीनं दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात राहिलेलं बरं. मग प्रोट्रॅक्टरच्या, म्हणजे कार्ट्रिजचा कोन तपासायच्या कागदावर, चकतीच्या केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरच्या दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिज रेषेला समांतर बसतंय ना ते तपासा. एका बिंदूवर जुळलं आणि दुसऱ्यावर नाही, तर कार्ट्रिज हेडशेलमध्ये (आर्मच्या टोकाची पट्टी) पुढे-मागे सरकवावं लागेल.

वेग तपासणं आपल्याकडे फार कमी जण करतात, आणि आपल्या संगीतात तेच सगळ्यात आधी कानाला लागतं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग ३ टक्के जास्त असेल तर स्वर अर्ध्या सेमीटोननं चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी लटकतं, शेजारी पेटी घेऊन बसलात तर एकही पट्टी जुळणार नाही. स्ट्रोब चकती (वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्याखाली जिच्या रेघा थांबलेल्या दिसतात ती) ५० हर्ट्झची घ्या, ३३⅓ साठी तिच्यावर १८० रेघा असतात. मात्र चांगल्या एलईडी दिव्याखाली त्या रेघा थांबलेल्या दिसतच नाहीत, कारण तो दिवा विजेबरोबर लुकलुकत नाही. खोलीत अंधार करून एक्स्टेन्शन बोर्डवरचा लाल निऑन इंडिकेटर चकतीजवळ धरा, काम होतं. दुसरा मार्ग घड्याळाचा. गाण्यातल्या दोन नक्की जागा धरा, उदाहरणार्थ तबल्याची पहिली थाप आणि शेवटच्या मुखड्याची सम, आणि तेवढं अंतर एलपीवर आणि सीडीवर मोजा. सीडीवर ३०० सेकंद आणि एलपीवर २९७ आले तर वेगात १ टक्क्याचा फरक आहे. चूक एलपीचीच असेल असं मात्र धरू नका. जुनी टेप सीडीसाठी उतरवताना वेग चुकल्याची उदाहरणं आहेत, म्हणून स्ट्रोब आधी.

इन्व्हर्टरवर ही चाचणी करू नका. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अॅम्प्लिफायर कुरकुरतो, आणि जुन्या एसी मोटरच्या प्लेअरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवरच ठरतो.

आता धुणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल १ भाग, डिस्टिल्ड वॉटर ४ भाग, आणि अर्ध्या लिटरला भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं फिरवा, लेबलवर ओल जाऊ देऊ नका, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं पुसा. नळाचं किंवा बोअरचं पाणी का नको, हे नागपुरात वेगळं सांगायला नको: जूनमध्ये कूलरच्या ताट्या काढल्या की त्यांच्यावर जो पांढरा खरखरीत थर दिसतो, तोच खाचेत बसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं तेच डिस्टिल्ड वॉटर चालेल. घरात आजोबांच्या वेळच्या ७८ च्या तबकड्या असतील तर त्यांना हे मिश्रण चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

सीडीच्या बाजूनं तीन गोष्टी बघायच्या. पहिली, ती ऑडिओ सीडीच आहे ना. शंभर-दीडशे गाण्यांच्या एमपी३ चकत्या आपल्याकडे घरोघर पडलेल्या आहेत. त्यातला आवाज दाबून लहान केलेला असतो, तिच्याशी एलपीची तुलना करून 'सीडीत दम नाही' म्हणणं अन्याय आहे. ऑडिओ सीडीवर साधारण ८० मिनिटांपेक्षा जास्त मावत नाही, त्यावरून लगेच ओळखता येतं. दुसरी, ओरखडे. खालच्या बाजूचे बारीक ओरखडे प्लेअर गणितानं भरून काढतो. वरच्या छापील बाजूला खोल चरा असेल तर इलाज नाही, कारण चमकता थर त्या छपाईच्या अगदी खाली असतो. उजेडासमोर धरून भोकं दिसली की ती चकती बाजूला ठेवा. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसलं आणि कण घासला गेला तर चरा ट्रॅकच्या दिशेनंच पडतो, आणि तो भरून काढणं प्लेअरला सगळ्यात अवघड. तिसरी, १९८० च्या दशकातल्या काही सीडींवर प्री-एम्फसिस असतो, म्हणजे वरचे स्वर मुद्दाम चढवून ठेवलेले असतात. सीडी प्लेअर तो आपोआप उतरवतो, पण कॉम्प्युटरवर कॉपी केल्यावर तो तसाच राहू शकतो आणि गाणं कर्कश वाटतं. कॉपी मूळ सीडीपेक्षा तिखट वाटली तर आधी संशय याच्यावर घ्या.

आता एलपी उतरवून घेण्याचं काम. अॅम्प्लिफायरच्या मागच्या 'रेक आउट'मधून (रेकॉर्डिंगसाठीचं आउटपुट) वायर काढून यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीच्या, लाइन इनपुटमध्ये लावा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लावू नका, ते बहुतेक वेळा मोनो असतं आणि आवाज आधीच फाडून ठेवतं. ऑडॅसिटी या मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा, आणि सगळ्यात मोठी थाप उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही असा गेन (इनपुटची पातळी) लावा. हम, म्हणजे सतत घुमणारा गुंजारव, आला तर क्रमानं बघा: टर्नटेबलची हिरवी किंवा काळी अर्थची तार अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट आहे का, लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर हम जातो का, आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद केल्यावर काय होतं. नागपुरातल्या महाल, इतवारीच्या जुन्या घरांत कित्येक सॉकेटना अर्थिंगच नसतं, तिथे प्लेअर, अॅम्प्लिफायर आणि लॅपटॉप तिन्ही एकाच बोर्डवरून चालवा.

गेन न हलवता त्याच वायरीतून मूळ सीडीचा तोच एक मिनिटाचा तुकडाही रेकॉर्ड करा. मग दोन्हींचा आरएमएस, म्हणजे सरासरी पातळी, डेसिबलमध्ये मोजा. वाकड्या एलपीचा खालचा हेलकावा कानाला ऐकू येत नाही पण आकड्यात मिसळतो, म्हणून मोजणीपुरत्या दोन्ही तुकड्यांच्या वेगळ्या प्रती करून ४० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. समजा एलपी आली उणे २४.३ आणि सीडी उणे १७.१. फरक ७.२ डेसिबलचा. सीडीवरून थेट कॉम्प्युटरवर उतरवलेली फाइल समजा उणे १५ आहे, ती ७.२ नं खाली आणून उणे २२.२ करा. एलपीची फाइलही उणे २२.२ वर आणा, म्हणजे २.१ नं वर. दोन्ही १६ बिटमध्ये काढून एकाच सीडी-आरवर 'ऑडिओ सीडी' म्हणून लिहा, डेटा म्हणून नाही. ही चकती प्लेअरवर लावून पुन्हा त्याच वायरीतून मोजली की दोन्ही गाणी एलपीच्या ०.२ डेसिबलच्या आत यायला हवीत. नसतील तर फरक दुरुस्त करून दुसरी चकती लिहा. एवढा खटाटोप यासाठी की ऐकताना व्हॉल्यूमला हातच लावावा लागू नये.

गाणी निवडताना एक एलपीच्या बाजूचं पहिलं घ्या आणि एक शेवटचं. कारण सरळ आहे. चकती एकाच गतीनं फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच जाते आणि लेबलजवळ जेमतेम २१. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. म्हणून शेवटच्या गाण्यात 'स' फुसफुसतो आणि झांजा मळकट होतात. सीडीला हा प्रश्न नाही, तिथे आत-बाहेर फिरण्याचा वेगच बदलत राहतो.

वेळ कोणती? एप्रिल-मेची दुपार नकोच. कूलरच्या घरघरीत गाण्याचे हळू भाग बुडून जातात, आणि सीडीचा जो खरा फायदा, सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला विरुद्ध एलपीचा साधारण ६० ते ७०, तो मुळी ऐकूच येत नाही. शिवाय कोरड्या हवेत रेकॉर्डवर स्थिर वीज चढते, कव्हरमधून काढताना चटचट होते आणि धूळ चिकटून बसते. डिसेंबर-जानेवारीची रात्र, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, ही नागपुरात तुलनेची सगळ्यात चांगली वेळ. उन्हाळ्यात रेकॉर्ड बर्डीच्या बाजारातून घरी नेताना गाडीत ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका. बंद गाडीच्या काचेखाली ती तासाभरात पापडासारखी वळते.

ऐकताना घरातल्या कुणाला तरी सिलेक्टरपाशी उभं करा आणि तुम्ही पाठ करून बसा. एलपी विरुद्ध मूळ सीडी अशी आंधळी चाचणी निरर्थक, पहिल्या खरखरीलाच उत्तर मिळतं. आंधळी चाचणी करायची ती एलपी आणि एलपीवरून केलेल्या कॉपीची. दोन्हींत तीच खरखर, तोच हेलकावा. सुई टेकवा, सीडी पॉजवरून सोडा, दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत आणा. प्रत्येक फेरीला नाणं उडवून काय लावायचं ते ठरवा, बदलताना दोन-तीन सेकंद आवाज पूर्ण बंद ठेवा, नाहीतर उडीवरूनच ओळखता येतं. दहा फेऱ्या करा. दहापैकी नऊ बरोबर आले तर फरक खरंच ऐकू येतोय, नुसत्या नशिबानं तसं होण्याची शक्यता सुमारे १ टक्का. सहा-सात बरोबर म्हणजे नाण्याचाच खेळ.

कान कशावर ठेवायचा? गायकाच्या गळ्यावर नाही, तिथे लक्ष गाण्यातच अडकतं. तानपुऱ्याच्या तारेचा नाद संपत जातो ती शेपटी ऐका, बायाँचा घुमारा ऐका, आणि पेटीच्या दोन स्वरांमधली शांतता. संदर्भासाठी मैफलीची आठवण फारशी उपयोगाची नाही. वसंतराव देशपांडे सभागृहातही आपण बरंचसं स्पीकरमधूनच ऐकतो. शेजारच्या खोलीत कुणी तानपुरा जुळवत असेल तर तो दहा मिनिटं ऐकून या.

कॉपी आणि एलपी ओळखू आली नाही, पण मूळ सीडी स्पष्ट वेगळी वाटली, तर सीडी हे माध्यम एलपीचा आवाज जसाच्या तसा धरू शकतं हे तुमच्याच खोलीत दिसलं. तुम्हाला आवडतंय ते एलपीवर ज्यानं काम केलं त्याचं घडवणं, आणि कदाचित तुमच्या कार्ट्रिजचा रंगही. अशा वेळी त्याच ध्वनिमुद्रणाची आधी निघालेली सीडी शोधा. ऑडॅसिटीत तिची लाट उंचसखल दिसली, विटेसारखी सपाट नाही, तर ती घेण्यासारखी आहे. उलट कॉपी दर वेळी ओळखू आली तर आधी पातळी पुन्हा मोजा, डावा-उजवा वेगवेगळा. जवळपास नेहमी घोळ तिथेच सापडतो, नाहीतर इंटरफेसच्या इनपुटवर एखादी थाप लाल दिव्यापर्यंत गेलेली असते.